अजून दूध आलं नाही...

बाळंतिणीच्या खाटेशी पहिल्या दोन-तीन दिवसांत एक वाक्य हमखास ऐकू येतं : 'अजून दूध आलं नाही गं हिला.' आई म्हणते, सासू म्हणते, भेटायला आलेली मावशी म्हणते, कधी पाळीवरची सिस्टरही म्हणून जाते. म्हणणाऱ्याच्या मनात काळजीच असते. पण त्या वाक्यापाठोपाठ बाळाच्या तोंडात काहीतरी जातं. कुठे मधाचं बोट, कुठे गुळाचं पाणी, कुठे सहाणेवर उगाळलेली गुटी, कुठे बोंडल्याने गाईचं दूध, आणि शहरात पावडरीचं दूध. या प्रत्येकावर आपण वेगवेगळा वाद घालतो. आजीची रीत वेगळी, दवाखान्याची वेगळी, कंपनीची वेगळी, असं धरून चालतो. मला मात्र ही सगळी एकाच दारातून आत येताना दिसतात, आणि ते दार म्हणजे हे वाक्य.

बाळंतपणानंतर भरपूर दूध उतरायला साधारण दोन ते चार दिवस लागतात. हे आपल्याकडे फार पूर्वी कोणीतरी नीट पाहिलेलं आहे. तीन किंवा चार रात्रींनी दूध उतरतं असं सुश्रुतसंहितेत आहे, आणि तोवर काय चाटवावं त्याचा क्रमही दिला आहे; त्यात मध आहे, तूप आहे. चरकसंहितेत मात्र मध-तुपाचा संस्कार उरकला की लगेच बाळाला उजवा स्तन द्यावा असं सांगितलं आहे. दोन मोठ्या ग्रंथांत एवढा फरक असताना घरोघरी टिकली ती थांबण्याची रीत.

थांबायचं कशासाठी? स्तन त्या दिवसांत रिकामे नसतात. त्यांत चीक असतो. एका सरकारी दवाखान्यात अनुभवी परिचारिकेला तो काढताना मी जवळून पाहिलं आहे. बोंडापासून जरा मागे तिने अंगठा आणि तर्जनी ठेवली, आधी छातीकडे दाबलं, मग दोन बोटं एकमेकांकडे आणली. असं पाच-सहा वेळा केलं तरी काहीच आलं नाही. मग टाचणीच्या डोक्याएवढा पिवळा थेंब उभा राहिला, त्यामागून दुसरा. तिने ते चमच्यात धरले. शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, 'हे तर पू दिसतंय, टाकून द्या.' ती म्हणाली, 'आजी, पहिली लस आहे ही,' आणि चमचा बाळाच्या ओठाला लावला.

तिच्या बोलण्यात तथ्य आहे. चिकात प्रतिपिंडं आणि पांढऱ्या पेशी दाट भरलेल्या असतात, जीवनसत्त्व 'अ' मुबलक असतं, आणि पोटातला काळा चिकट मळ बाहेर पडायलाही त्याची मदत होते. पहिल्या दिवशी तो एका वेळी जेमतेम चमचाभर येतो. बाळाच्या पोटाला तेवढाच लागतो. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं, जन्मवजनाच्या सात ते दहा टक्क्यांपर्यंतही, आणि पुढच्या दोनेक आठवड्यांत भरून येतं. आईला हे आधी कोणी सांगितलेलं असलं, तर वजनकाट्यावरचा आकडा पाहून तिच्या पोटात गोळा येणार नाही.

एक गोष्ट मला बरीच वर्षं कोड्यात टाकत होती. गोठ्यात वासरू जन्मलं की आपला शेतकरी त्याला आधी चीक पाजतो. खरवसाचा विचार त्यानंतर. नाहीतर ते वासरू हातचं जाईल हे त्याला पक्कं ठाऊक असतं. मग त्याच घरात बाईचा चीक पिळून टाकायची रीत कशी चालत आली? उत्तर शरीरात आहे. गाईच्या वारेतून वासराला प्रतिपिंडं मिळत नाहीत, त्याची सगळी भिस्त चिकावर. माणसाच्या बाळाला मात्र आईची प्रतिपिंडं वारेतून, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, मिळालेली असतात. त्यामुळे चीक टाकला तरी बहुतेक बाळं तगतात आणि जी जातात ती कशाने गेली ते कळत नाही. गोठ्यात चूक लगेच दिसली, माजघरात ती दिसली नाही. यातूनच हेही निघतं की अपुऱ्या दिवसांच्या बाळाला वारेतला हा साठा पुरता मिळालेला नसतो, म्हणून चिकाची निकड त्यालाच सर्वांत जास्त.

'आमची सगळी पोरं गुटीवरच वाढली' या वाक्याकडेही असंच पाहावं लागतं. ते खोटं नसतं. पण जी वाढली नाहीत ती सांगायला येत नाहीत. 1971 साली आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी 129 बाळं वर्षाच्या आत जात होती. 2020 साली तो आकडा 28 वर आला. त्यात लसी आहेत, स्वच्छ पाणी आहे, औषधं आहेत. मात्र ज्या काळाचा दाखला आपण अभिमानाने देतो, त्या काळात घरोघरी एखादं बाळ गेलेलं असायचं, हे विसरून चालणार नाही.

गुटीबद्दल लिहिताना माझा हात जड होतो, कारण तिच्यात फार माया आहे. डब्यातून वेखंड, जायफळ, मुरडशेंग, हळकुंड, खारीक एकेक निघतं, प्रत्येकाचे वळसे ठरलेले, आजी तोंडाने मोजत सहाणेवर उगाळते. पण ती सहाण कशाने पुसली, पाणी कोणत्या माठातलं, आणि ओलं वेखंड तसंच डब्यात परत गेलं की वाळवून, यावर बाळाची हगवण ठरते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तिची गरज नाही. मधाचं तर अधिकच स्पष्ट आहे. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात रुजून विष तयार करतात. बाळाला बद्धकोष्ठ होतो, रडणं क्षीण होतं, चोखण्याची ताकद जाते, अंग लुळं पडतं. 1976 साली हा आजार वेगळा ओळखला गेला. तो दुर्मीळ आहे, पण टाळणं अगदी सोपं : एक वर्ष मध नाही. पाणीही नको. आईच्या दुधात 87-88 टक्के पाणीच असतं, त्यामुळे नागपूरच्या मे महिन्यातही बाळाला वेगळं पाणी लागत नाही. आईला मात्र भरपूर लागतं.

दोष एकट्या आजीच्या माथी मारू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातली 88.6 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात, पण जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली बाळं आहेत 41.8 टक्के. म्हणजे बहुतेक बाळं आता डॉक्टर-नर्सच्या देखत जन्मतात आणि तरीही तो पहिला तास हुकतो. खासगी दवाखान्यांत 47.4 टक्के बाळंतपणं सिझेरियनची होती. आई एका खोलीत, बाळ दुसऱ्या खोलीत, आणि 'तोवर थोडं वरचं देऊ' हे शब्द तिथेच उच्चारले जातात. बाळ ओढतं तसं दूध तयार होतं. वरच्या दुधाने पोट भरलं की ओढणं कमी, ओढणं कमी की दूध कमी, आणि चौथ्या दिवशी 'बघा, पुरतच नाही' हे खरं ठरतं.

पावडरीच्या व्यापाराला हे गणित चांगलं ठाऊक आहे. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी 1939 साली सिंगापूरमध्ये गोड घट्ट दुधाच्या जाहिरातींविरुद्ध भाषण केलं, त्याचं नावच 'दूध आणि खून' असं होतं. 1981 साली जागतिक आरोग्य परिषदेत अशा विक्रीला लगाम घालणारी संहिता 118 विरुद्ध 1 मतांनी संमत झाली; ते एक मत अमेरिकेचं. आपल्याकडे 1992 चा कायदा आहे, 2003 मध्ये तो आणखी कडक झाला. दोन वर्षांखालच्या मुलांसाठीच्या अशा आहाराची जाहिरात, फुकट नमुने, डब्यावर बाळाचं चित्र, आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटी, यांतलं काहीही चालत नाही. कायदा चांगला आहे. पण बाळंतिणीच्या खाटेशी रात्री दोन वाजता कायदा उभा नसतो.

काही बाळांना वरचं द्यावंच लागतं. साखर खाली गेली, बाळ फार लहान आहे, आई अत्यवस्थ आहे, तर हट्ट धरणं घातक आहे. बाळ सुस्त पडलं, ओढेनासं झालं, पाचव्या-सहाव्या दिवशीही दिवसातून सहा वेळा शू होत नाही, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. अशा वेळी आधी आईचं काढलेलं दूध, मग दात्या आईचं, मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली पावडर, हा क्रम. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने 1989 साली मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली ती याच गरजेतून.

आणि जिला अंगावर पाजता आलं नाही, तिला अपराधी ठरवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. सहा महिने फक्त आईचं दूध, हे सांगायला सोपं आहे. 2017 पासून कायद्याने 26 आठवड्यांची भरपगारी रजा आहे, पण ती पगारपत्रकावर नाव असलेल्या बाईला. बीडहून कोयता घेऊन निघालेल्या ऊसतोडणी करणाऱ्या बाईला, चार घरची धुणीभांडी करणारीला ती कोण देणार? शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या आया तान्ह्याला अफू देऊन निजवत, हे तेव्हाच्या सरकारी अहवालांत नोंदलेलं आहे. त्या आया निर्दय नव्हत्या. त्यांना पाळी सुटेपर्यंत दुसरा उपाय नव्हता.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने 39 गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या घरी जाऊन बाळाला ऊब देत, वजन करत, पाजायला मदत करत, जंतुसंसर्ग झाला तर औषध देत. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झालेले होते. 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्या यशात पाजण्याचा वाटा किती ते वेगळं काढता येत नाही, पण बाळंतिणीशेजारी जाणती बाई बसलेली होती एवढं नक्की. आपल्या प्रसूतिगृहांत मला तेच हवं आहे. प्रत्येक वॉर्डात, आणि रात्रपाळीला तर नक्कीच, एक प्रशिक्षित बाई असावी. इंजेक्शनं, कागदपत्रं, सलाईन यांतलं काही तिच्याकडे नसावं. सिझेरियन झालेलीला कुशीवर वळवून बाळ धरून द्यायचं, चीक चमच्यात काढून दाखवायचा, आणि 'दूध आलं नाही' म्हणणाऱ्या नातेवाइकांना तो थेंब डोळ्यांनी बघायला लावायचा, एवढंच तिचं काम. तिचा पगार बिलात वेगळा लावायची गरज पडू नये. खाटेच्या भाड्यातच तो धरावा.