न सुटणारा उपवास

ताटात अन्न टाकू नये, दारी आलेल्या भुकेल्याला विन्मुख पाठवू नये, ही शिकवण आपल्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. भूक ही दारिद्र्याची सोबतीण, अशीच आपली समजूत. म्हणून भरल्या घरातील, अभ्यासात हुशार असे पंधरा-सोळा वर्षांचे मूल जेव्हा पानावरून न जेवता उठू लागते, तेव्हा आईवडील गोंधळून जातात. कोणी त्याला नखरे म्हणतो, कोणी हट्ट. उपवासकाळ चालू असेल तर एखादा त्याला भक्तीही म्हणून मोकळा होतो. चुकीचे नाव दिल्याने उपचाराला उशीर होतो आणि प्रसंगी जीव जातो. म्हणूनच या प्रश्नाचा येथे विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या अवस्थेला वैद्यकशास्त्र आहारविकार म्हणते. १८७३ साली पॅरिसचे डॉ. शार्ल लासेग आणि लंडनचे डॉ. विल्यम गल यांनी स्वतंत्रपणे तिचे वर्णन केले. ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव गल यांनी रूढ केले. यात मूल वजन वाढण्याच्या भयाने अन्न तोडते. अंगावर कातडे तेवढे उरले तरी त्याला आपले शरीर स्थूलच वाटते. ‘बुलिमिया’ या दुसऱ्या प्रकारात अनावर खाणे होते आणि मग ते ओकून टाकण्याची धडपड चालते. मुलींत प्रमाण अधिक असले तरी मुलगेही यातून सुटत नाहीत. हृदयाची गती मंदावते, पाळी बंद होते, हाडे ठिसूळ होतात. मानसिक आजारांत इतके प्राणघातक आजार थोडेच आहेत.

येथे नीतीचा प्रश्न उभा राहतो. मूल म्हणते, ‘शरीर माझे आहे, मला खायचे नाही.’ अशा मुलाला त्याच्या इच्छेविरुद्ध, प्रसंगी नाकातून नळी घालून, अन्न द्यावे काय? देवाने दिलेल्या स्वतंत्र इच्छेचा हा अवमान ठरत नाही काय?

१९९२ साली इंग्लंडमधील अपील न्यायालयापुढे नेमका हाच प्रश्न आला होता. आईवडिलांचे छत्र हरपलेली सोळा वर्षांची एक मुलगी या विकाराने खंगत चालली होती. त्या देशाच्या कायद्याने सोळाव्या वर्षी उपचारांना संमती देण्याचा अधिकार मिळतो. दुसऱ्या रुग्णालयात जाण्यास ती नकार देत होती, आणि खटला चालू असतानाच तिचे वजन झपाट्याने घसरले. न्यायालयाने तिचा नकार बाजूला ठेवून उपचारांचा आदेश दिला. लॉर्ड डोनाल्डसन यांच्या निवेदनाचा आशय असा, की समजून-उमजून निवड करण्याची शक्तीच हा आजार नष्ट करू शकतो. उपचार नाकारणे हे या आजाराचेच एक लक्षण होय.

या विधानाला प्रयोगाचाही आधार आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. सदसद्विवेकबुद्धीला स्मरून युद्धात लढण्यास नकार दिलेले हे तरुण स्वेच्छेने पुढे आले होते. त्यांचे वजन सुमारे एक-चतुर्थांशाने घटले. पण त्यांच्या मनांचे झाले ते अधिक उद्बोधक आहे. त्यांच्या डोक्यात रात्रंदिवस अन्नाचेच विचार घोळू लागले. ते उदास, चिडखोर आणि एकलकोंडे झाले. दृढ मनाच्या प्रौढांची ही गत, तर कोवळ्या मुलाची काय कथा? उपाशी मुलाशी आपण वाद घालतो, तेव्हा उत्तर पुष्कळदा त्याच्या तोंडून उपासमारच देत असते.

मग उपवास आणि आजार यांतला भेद ओळखावा कसा? आपल्या भाषेनेच त्याची खूण सांगून ठेवली आहे. आपण उपवास धरतो आणि सोडतो. सोडण्याची मोकळीक असते, म्हणून धरण्याला मोल असते. जो उपवास माणसाला सोडताच येत नाही, तो त्याने धरलेला नसतो. त्या उपवासानेच माणसाला धरलेले असते. सिएनाच्या संत कॅथरीन १३८० साली, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी निवर्तल्या. शेवटची काही वर्षे त्यांच्या पोटात अन्न ठरत नसे. त्यांच्या धर्मगुरूंनीच त्यांना रोज जेवण्याची आज्ञा केली होती, आणि त्यांनी स्वतः एका पत्रात या अवस्थेला व्याधी म्हटले. इतक्या शतकांनंतर एका संत स्त्रीच्या रोगाचे निदान करण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु आपल्या न जेवण्याला त्यांनी पुण्य मानले नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ख्रिस्तसभेच्या कायद्यातील १२५२ वे कलमही अठरा वर्षांखालील मुलांवर उपवासाचे बंधन घालत नाही.

अशा मुलाच्या माथी पाप मारावे काय? सोळाव्या शतकात स्पेनमधील सालामान्का येथे शिकविणारे डॉमिनिकन पंडित फ्रान्सिस्को दे व्हितोरिया यांनी या प्रश्नाचा विचार केला आहे. जगण्याची आशा असेल तर रोग्याने अन्न घेणे हे कर्तव्य होय, असे ते सांगतात. पण मन इतके खचले असेल की घास घेणे ही जणू यातनाच व्हावी, तर ते अशक्यप्राय मानावे आणि रोग्याला निदान गंभीर पापाचा दोष लावू नये, असेही ते म्हणतात. दोष दूर झाला म्हणून भोवतालच्यांची जबाबदारी मात्र दूर होत नाही. ज्याला स्वतःचा भार उचलवत नाही, त्याचा भार इतरांनी उचलावयाचा असतो.

म्हणून आमचे मत असे, की जीव धोक्यात असता अल्पवयीन मुलावर उपचारांची सक्ती करणे हे स्वातंत्र्याचे हरण ठरत नाही. हरपलेले स्वातंत्र्य परत मिळवून देण्याची ती वाट होय. पण हीच कसोटी सक्तीलाही लावली पाहिजे. जी सक्ती सोडण्याची तयारी नाही, जी शिक्षा म्हणून केली जाते, जिच्यात मुलाशी बोलणेच खुंटते, ती उपचार या नावाला पात्र नाही. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने हे भान राखले आहे. मानसोपचार केंद्रात अल्पवयीनास दाखल करण्यापूर्वी दोन तज्ज्ञांनी त्याला स्वतंत्रपणे तपासले पाहिजे, त्याला प्रौढांपासून वेगळे ठेवले पाहिजे आणि पालकाने वा त्याच्या प्रतिनिधीने त्याच्यासोबत राहिले पाहिजे.

लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात उदयास आलेली कुटुंबाधारित उपचारपद्धतीही याच तत्त्वावर चालते. आरंभी मुलाच्या जेवणाची सूत्रे आईवडील हाती घेतात. वजन सावरू लागले की ती हळूहळू मुलाकडे परत देतात. अर्थात हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावयास हवे. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या देहाला एकाएकी भरपूर अन्न दिल्यास रक्तातील फॉस्फेट घसरून जिवावर बेतू शकते.

पालकहो, मुलाचे कपडे एकाएकी सैल होऊ लागले, जेवण होताच ते न्हाणीघराकडे वळू लागले, घरच्यांबरोबर पंगतीला बसणे टाळू लागले, तर रागावू नका आणि वाटही पाहू नका, डॉक्टरांकडे जा. लग्नाच्या मांडवात ‘किती जाडी झालीस गं’ असे सहज बोलणाऱ्या आत्या-मावश्यांनीही जिभेला आवर घालावा. आणि मूल अन्नाला नाही म्हणत असले, तरी त्याची जागा रिकामी ठेवून जेवायला बसू नका. त्याला शेजारी बसवा. आज एक घास जाईल, उद्या कदाचित तोही जाणार नाही. परंतु ज्या दिवशी त्याला आपला हात पुन्हा पानाकडे नेता येईल, त्या दिवशी त्याच्या शेजारी आपले माणूस असले पाहिजे.