किल्ल्यातले बारा जण

लग्नाच्या बोलणीत पत्रिका, पगार झाला की हळूच विचारलं जातं, ‘मुलगा देवधर्म मानतो ना?’ उत्तर हो किंवा नाही, एवढंच हवं असतं. नगर जिल्ह्यात (आता कागदोपत्री अहिल्यानगर) मात्र हे विचारणाऱ्यानं जरा जपून असावं. ‘देवबिव सगळं झूट’ असं पारावर ठणकावणारा गडी इथे नवा ट्रॅक्टर दारात आला की स्वतःच नारळ फोडतो, आणि लेकराला ताप चढला की त्याच्या कपाळाला शिर्डीची उदी लागते. याला ढोंग म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही. माणूस बुद्धीनं एका जागी असतो, सवयीनं दुसऱ्या आणि भीतीनं तिसऱ्याच.

याचा उत्तम पुरावा नगरच्या भुईकोट किल्ल्यात मिळतो. ऑगस्ट 1942 मध्ये मुंबईत पकडलेल्या काँग्रेस कार्यकारिणीच्या बारा जणांना इंग्रजांनी तिथे आणून डांबलं. त्यांत पंडित नेहरू होते, मौलाना आझाद होते आणि मार्क्स पचवून बौद्ध दर्शनात रमणारे आचार्य नरेंद्र देवही होते. वरवर पाहता मांडणी सरळ : कुराणाचे भाष्यकार आझाद एका टोकाला, कर्मकांडाचा तिटकारा असलेले नेहरू दुसऱ्या टोकाला.

पण दोघांनी तिथे जे लिहिलं, ते वाचलं की ही मांडणी ढासळते. आझाद पहाटे अंधारात उठत, स्वतःच्या हातानं बिनदुधाचा चिनी चहा करत आणि मित्राला पत्रं लिहीत. ती टपालात पडणारच नव्हती. पुढे ‘गुबार-ए-खातिर’ या नावानं पुस्तकरूपात आली. मक्केत जन्मलेला, पीर घराण्यातला हा आलिम त्यांत सरळ सांगतो की वारशानं आलेली श्रद्धा तरुणपणीच गळून पडली, संशयात आणि नकारात काही वर्षं गेली आणि नंतर जी श्रद्धा आली ती स्वतः शोधलेली. तिकडे नेहरूंनी 1944 च्या एप्रिल ते सप्टेंबर या काळात ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं. माणसासारखा देव त्यांना विचित्र वाटतो, पण अद्वैताची ओढ वाटते हेही ते लपवत नाहीत. म्हणजे भाविक नास्तिक्याच्या गावी मुक्काम करून आलेला, आणि नास्तिकाचं मन वेदान्ताच्या उंबऱ्यावर रेंगाळणारं! एप्रिल 1943 मध्ये आझादांच्या पत्नी कलकत्त्यात वारल्या. त्यांच्या आजारपणात भेटीसाठी सरकारकडे अर्ज करायला आझादांनी ठाम नकार दिला होता. हे बळ श्रद्धेचं की स्वाभिमानाचं, हे कुठल्या मापानं मोजायचं?

किल्ल्याच्या कितीतरी आधी याच शहरानं एका घरात दोन धर्म नांदताना पाहिले होते. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या. ताटातूट झाली, लोकांनी छी-थू केली. पुढे दोघं पुन्हा एकत्र आली तरी बाईंचं सोवळं चालूच होतं. त्या ख्रिस्ती झाल्या 1900 मध्ये, स्वतःचं मन वळल्यावर. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला टिळकांच्या धर्मांतरापेक्षा त्या मधल्या पाच वर्षांचं अप्रूप जास्त वाटतं. नवऱ्याला सत्य सापडलं आहे, तरी बायकोचा शोध तिचा तिलाच करू देणं हे त्या काळात फार थोड्यांना जमलं असतं. आजही जमत नाही.

म्हणून कोण किती मानतो, या मोजमापात मला रस उरलेला नाही. त्या मानण्याची किंमत कोण चुकवतं, हे मी पाहतो. याच जिल्ह्यातल्या शनिशिंगणापूरला, शनिदेव राखण करतो या श्रद्धेनं, घरांना दारं नसतात. त्यात गावकरी स्वतःचीच चीजवस्तू पणाला लावतात. हसायचं कारण नाही. पण त्याच गावात बायकांना शनीच्या चौथऱ्यावर चढू देत नसत, तिथे एकाच्या श्रद्धेची किंमत दुसरी चुकवत होती. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतले डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि डॉ. श्रीराम लागू यांनी हा प्रश्न हाती घेतला, तेव्हा ‘देव न मानणाऱ्यांना ही उठाठेव कशाला?’ असं त्यांना ऐकवलं गेलं. मला तर ते दोघंच भाविक बाईच्या बाजूचे वाटतात. 1 एप्रिल 2016 रोजी मुंबई उच्च न्यायालयानं स्त्रियांच्या प्रवेशाच्या बाजूनं निर्वाळा दिला आणि आठवड्यानं, पाडव्याला, देवस्थाननं चौथरा सर्वांना खुला केला.

हाच न्याय उलटही लावावा लागेल. आपल्या मृत्यूनंतर कोणतेही धार्मिक विधी करू नयेत, असं नेहरूंनी 1954 च्या मृत्युपत्रात स्वच्छ लिहून ठेवलं होतं. 1964 मध्ये त्यांचा अंत्यसंस्कार धार्मिक विधींनीच झाला. करणाऱ्यांची श्रद्धा खरी असेलही, पण इच्छा गेलेल्याची होती आणि ती मोडायला नको होती.