कौल आणि प्रमाण

निवडणुकीच्या निकालाला मराठीत ‘जनतेचा कौल’ म्हणतात. शब्द मूळचा अरबी, अर्थ वचन. सिंधुदुर्गात तो देवळातही तितकाच रुळलेला आहे. ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घातले जाते, गुरव पाषाणाच्या अंगावर ओले तांदूळ किंवा कळे चिकटवतो. उजवीकडचा आधी पडला तर होकार, डावीकडचा पडला तर नकार. उत्तर काहीही येवो, ते मानायचे हे गावाने प्रश्न विचारण्याआधीच ठरवलेले असते. मतदानातही अशी पूर्वसंमती गृहीत आहे. मात्र इथे मोजणारी माणसे असतात. ती चुकतात, कधी खोटेही बोलतात. मग हरलेल्याने निकाल का मानावा?

या प्रश्नाचे पहिले अंग ज्ञानाचे आहे. न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली. विधानसभेच्या मतदानाला सिंधुदुर्गातल्या तळेऱ्याच्या केंद्रावर बटण दाबणाऱ्याला आपल्या मताची चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते. त्याचे प्रत्यक्ष तेवढेच. बाकी लाखो मतांबद्दल तो जे जाणतो ते शब्दप्रमाणाने, म्हणजे मोजणाऱ्यांच्या सांगण्यावरून. शब्द प्रमाण ठरायचा तर सांगणारा आप्त हवा: वस्तुस्थिती जाणणारा आणि ती जशी आहे तशी सांगणारा. निकालाचा वाद बहुतेक वेळा या आप्ततेचाच वाद असतो.

दुसरे अंग पुराव्याच्या ओझ्याचे. भारतात १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात याचिका करावी लागते. विजयी उमेदवाराने भ्रष्ट मार्ग वापरल्याचे सिद्ध झाले तर तेवढ्यावर निवड रद्द होते. मतमोजणीतील चूक दाखवायची असेल तर तिच्यामुळे निकालच बदलला हेही दाखवावे लागते. २०२४ मध्ये मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघात रवींद्र वायकर अवघ्या ४८ मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार अमोल कीर्तिकरांची याचिका आवश्यक तथ्ये मांडलेली नाहीत म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी फेटाळली. ऑस्ट्रियाने २०१६ मध्ये दुसरे टोक दाखवले. तिथे अध्यक्षपदाच्या लढतीत ३०,८६३ मतांचा फरक होता आणि फेरफार झाल्याचा पुरावा नव्हता. टपाली मते नियम मोडून उघडली गेली आणि अशा मतांची संख्या फरकाहून मोठी होती, एवढ्यावर संविधान न्यायालयाने फेरमतदान घ्यायला लावले. तोच उमेदवार, आलेक्झांडर फान डेर बेलेन, अधिक फरकाने जिंकला. एक व्यवस्था झालेल्या मतदानाची राखण करते, दुसरी शंकेला जागा उरू नये म्हणून झटते. दोन्ही भूमिकांमागे नैतिक आधार आहे: पहिलीत मतदाराच्या श्रमाचा मान, दुसरीत त्याच्या विश्वासाचा.

तिसरे अंग न्याय देणाऱ्याचे. केनियात २००७ च्या निकालानंतर हजाराहून अधिक माणसे मारली गेली. न्यायालयावर विरोधकांचा भरवसा नव्हता. २०१० च्या नव्या राज्यघटनेने अध्यक्षीय निवडणुकीच्या याचिकेसाठी सर्वोच्च न्यायालयाला १४ दिवसांची मुदत घातली. १ सप्टेंबर २०१७ रोजी त्याच न्यायालयाने विद्यमान अध्यक्षांची निवड रद्द केली. फेरमतदानावर विरोधकांनी बहिष्कार घातला, त्यामुळे वाद पूर्ण मिटला नाही. पण सत्ताधारी न्यायालयात हरू शकतो हे सिद्ध झाले. बेलारुसमध्ये २०२० साली विद्यमान अध्यक्ष लुकाशेंकोंना सुमारे ८० टक्के मते जाहीर झाली आणि विरोधी उमेदवाराची तक्रार न्यायालयाने दाखलच करून घेतली नाही. गाऱ्हाणे घालायला जागाच नसेल तर लोक रस्त्यावर येतात, तसे तिथे आले.

चौथे अंग काळाचे. विलेपार्ल्याच्या डिसेंबर १९८७ च्या विधानसभा पोटनिवडणुकीत धर्माच्या नावाने मते मागितली म्हणून रमेश प्रभू यांची निवड उच्च न्यायालयाने रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निर्णय ११ डिसेंबर १९९५ ला आला, तोवर ती विधानसभा केव्हाच संपली होती. धर्म आणि मत यांच्यातील सीमा त्या निकालाने आखली, पण ज्या मतदारांचा प्रतिनिधी अवैध ठरला त्यांच्या पदरात काही पडले नाही. उशिरा आलेले सत्य इतिहासाच्या उपयोगी पडते, नागरिकाच्या नाही. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला आव्हान देण्याची मुदत १५ दिवस ठेवली आहे, तिचे शहाणपण इथे कळते. गावात हरलेला आणि जिंकलेला दुसऱ्याच दिवशी एकाच एसटी थांब्यावर उभे असतात.

सारी प्रमाणे थकतात तिथे कायदा चिठ्ठी काढतो. २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या २२० क्रमांकाच्या प्रभागात फेरमोजणीनंतर अतुल शहा आणि सुरेंद्र बागलकर यांची मते समान झाली आणि चिठ्ठीने शहा विजयी ठरले. योग्यता किंवा लोकांची पसंती यांबद्दल चिठ्ठी काहीच सांगत नाही. ती बंधनकारक होते, कारण नियम आधी ठरलेला असतो, चिठ्ठी सर्वांदेखत निघते आणि कोणाची निघेल हे कोणाच्याच हाती नसते.

म्हणून निकाल मानण्याचा आधार मोजणीच्या अचूकतेत पुरता सापडत नाही. ती अचूकता एखाद्या मताने हुकू शकते. तो आधार तक्रारीच्या वाटेत आहे: नियम आधी ठरलेला, पुरावा राखलेला, न्याय देणारा सत्तेपुढे न झुकणारा आणि उत्तर वेळेत मिळणारे. देवाच्या कौलात श्रद्धा आधी येते. माणसांच्या कौलात ती मागाहून येते, आणि दर निवडणुकीला नव्याने कमवावी लागते.