एका दिवसाची खुर्ची

‘मी शिक्षक झालो तर’ हा निबंध आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत लिहिलेला असेल. त्यात गृहपाठ बंद, छडी बंद, मधली सुट्टी दुप्पट अशी आश्वासने असतात, आणि निवडणुकीच्या जाहीरनाम्याप्रमाणे ती कोणी फारशी मनावर घेत नाही. परंतु हाच विद्यार्थी खरोखर शिक्षकाच्या खुर्चीवर बसला म्हणजे काय करतो, हे पाहण्याची सोय आपल्याकडे आहे. डॉ. राधाकृष्णन यांचा जन्मदिवस, ५ सप्टेंबर, १९६२ पासून शिक्षकदिन म्हणून पाळला जातो, आणि गुजरातेत काय किंवा महाराष्ट्रात काय, अनेक शाळांतून त्या दिवशी वरच्या वर्गातील मुले-मुली शिक्षक होऊन खालच्या वर्गांना शिकवतात. मुली आईची साडी नेसून येतात, मुले इस्त्रीचा सदरा घालून. त्या दिवशी निबंधातला जाहीरनामा अमलात आलेला मी तरी पाहिलेला नाही. मधली सुट्टी तेवढीच राहते. ‘गप्प बसा’ हे दोन शब्द मात्र एरवीपेक्षा अधिक वेळा ऐकू येतात.

असे का व्हावे? अनुकरण, हे नेहमीचे उत्तर आहे. जसा मास्तर पाहिला तसा मास्तर मुलाने केला. हे खोटे नाही, पण अपुरे आहे. कारण त्याच मुलाने प्रेमळ शिक्षकही पाहिलेले असतात. त्यांचे अनुकरण त्या दिवशी इतके विरळ का दिसावे?

मला या बाबतीत माझ्या नोकरीतला अनुभव अधिक उपयोगी वाटतो. सरकारी कचेरीत वरिष्ठ रजेवर गेला की हाताखालच्याकडे ‘चार्ज’ येतो. या प्रभारी अधिकाऱ्याला धोरण ठरवता येत नाही, वादाच्या फाइलीवर निर्णय देता येत नाही. नेहमीच्या कागदांवर सही करावी आणि गाडा चालू ठेवावा एवढीच अपेक्षा. मी पुष्कळ प्रभारी पाहिले. त्यांतले बहुतेक एकाच गोष्टीत कडक होत: मस्टरवर कोण दहा मिनिटे उशिरा आला, चहाला कोण किती वेळ बसला. स्वभावाने ती माणसे दुष्ट नव्हती. मस्टर एवढेच त्यांच्या हाती होते. एक दिवसाच्या बालशिक्षकाची स्थिती याहून वेगळी नाही. पाठ्यपुस्तक त्याला बदलता येत नाही, परीक्षा त्याच्या हाती नाही, कोणाला वर चढवावे हे तो ठरवत नाही. आपण त्याला अधिकारातला फक्त दटावण्याचा भाग काढून देतो आणि त्याने तो वापरला की म्हणतो, पाहा, मुलांना स्वातंत्र्य दिले तर तीच हुकूमशहा होतात.

मुलाला गुरुजी करण्याची कल्पना तशी जुनी आहे. आपल्या पंतोजींच्या शाळेत थोरली मुले धाकट्यांकडून पाढे घोकून घेत. मद्रासजवळ एग्मोर येथे अनाथ मुलांच्या शाळेचा अँड्र्यू बेल १७८९ मध्ये प्रमुख झाला. एका देशी शाळेतली मुले वाळूत अक्षरे गिरवताना त्याने पाहिली. त्याच्या शिक्षकांना ही रीत पटेना, तेव्हा त्याने आठ वर्षांच्या एका मुलाकडे खालचा वर्ग सोपवला. १७९७ मध्ये त्याने यावर लंडनमध्ये पुस्तिका काढली. पुढे बेल आणि लँकेस्टर यांच्या नावाने ही पद्धत इंग्लंडभर पसरली. एका मास्तरावर शेकडो मुले भागतात, हे तिचे मोठे आकर्षण होते. म्हणजे तिच्या प्रसारात मुलाच्या मताला मोल आले नव्हते, मास्तरांच्या पगारात बचत होत होती. खुर्ची मिळाली म्हणजे बोलण्याला वजन आले असे होत नाही, हे तेव्हापासूनचे आहे.

काही वर्षांपूर्वी आपल्या सुरतेतील एका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिक्षकदिनी पाहुणा म्हणून बसण्याचा योग आला. आपल्या जुन्या घरांतली मुले मराठी शाळेतून केव्हाच इंग्रजी किंवा गुजराती माध्यमाकडे गेली आहेत. आज या शाळा भरतात त्या बहुतांशी लूमवर आणि साड्यांच्या कारखान्यांत कामाला आलेल्या खानदेशी कुटुंबांच्या मुलांनी. सातवीतली एक मुलगी पाचवीला अपूर्णांक शिकवत होती. पहिली दहा मिनिटे तिने पुस्तकातली मराठी वापरली, फळ्यावर डस्टर आपटला, दोघांना उभे केले. छेद मोठा झाला तर अपूर्णांक लहान कसा होतो, हे काही कोणाच्या डोक्यात शिरेना. मग एकाएकी ती अहिराणीवर गेली. घरात भाकरी एकच आहे आणि खाणारे भाऊ वाढत चालले, तर प्रत्येकाच्या वाट्याला काय येईल, असे काहीसे तिने विचारले. वर्गात हशा पिकला, आणि त्या हशातच कळले की मुलांना उमगले. तिने मात्र लगेच घाबरून मागच्या बाकावर बसलेल्या बाईंकडे पाहिले. नंतर कार्यालयात चहा घेताना एका जबाबदार गृहस्थांनी अभिप्राय दिला: मुलगी हुशार आहे, फक्त शुद्ध बोलायला हवे होते.

त्या मुलीने पाच मिनिटे जे केले ते तिला सोपवलेल्या कामात बसत नव्हते. भाषा कोणती वापरावी हा निर्णय तिने स्वतःच्या अधिकारात घेतला, आणि वर्ग चालला तो तेवढाच वेळ.

यावर कोणी म्हणेल, मुलांच्या हाती खरे निर्णय द्यायचे म्हणजे अनागोंदी. गिजुभाई बधेकांना ही शंका ठाऊक होती. हायकोर्टाची वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्तीत आले आणि १९२० मध्ये त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या कथारूप पुस्तकातला शिक्षक प्रयोगासाठी चौथीचा वर्ग मागून घेतो, आणि पहिल्याच दिवशी त्याचा शांततेचा खेळ पार फसतो; मुले आरडाओरडा करतात, त्याला वर्ग सोडून द्यावा लागतो. पुढे गोष्टी सांगून तो मुलांना बांधतो. ‘दिवास्वप्न’ या पुस्तकात मला सर्वांत प्रामाणिक वाटतो तो हा फसलेला पहिला दिवस. आणखी एक बारकावा असा, की या शिक्षकालाही वर्ग मिळतो तो शिक्षणाधिकाऱ्याच्या परवानगीने, वर्षाअखेरच्या परीक्षेची आठवण ठेवण्याच्या बोलीवर. म्हणजे मास्तरही एका अर्थी प्रभारीच.

गिजुभाईंबरोबर भावनगरला काम केलेल्या आपल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुंबईला जाताना घोलवड स्टेशनावर चिकू घेणाऱ्या आपल्यातील कितीजणांनी ती टेकडी पाहिली असेल, कोण जाणे. तेथल्या आदिवासी मुलांना कोणी खुर्ची दिली नव्हती. गुरे राखायची असल्यामुळे ती शाळेत येत नव्हती, एवढेच. या बायांनी ते न येणे हेच मुलांचे मत मानले आणि गुरे जिथे चरत तिथे शाळा नेली. तिला कुरणशाळा म्हणत. वर्ग कुठे आणि केव्हा भरावा हे तिथे मुलांच्या जगण्याने ठरवले.

आपल्या जिल्ह्याचाही या विचाराशी संबंध आहे. तापीकाठच्या हरिपुरा येथे फेब्रुवारी १९३८ मध्ये सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याचे वर्णन वडीलधाऱ्यांच्या तोंडून अनेकांनी ऐकले असेल. वर्ध्याच्या नव्या शिक्षणयोजनेला काँग्रेसने मान्यता दिली ती तेथेच. पुढे सेवाग्रामच्या नई तालीम शाळेत मुले स्वयंपाकघर चालवीत, सफाई पाहत, हिशेब ठेवीत. हिशेब चुकला तर भाजी कमी पडे. असा अधिकार हाती आल्यावर दटावण्याची हौस बरीच ओसरत असावी, कारण करण्यासारखे दुसरे पुष्कळ असते.

न्यायाचे काय? मुले एकमेकांना निर्दयपणे शिक्षा करतील ही भीती अगदीच निराधार नाही. वॉर्सा शहरात १९१२ पासून अनाथालय चालवणारे डॉ. यानुश कोरचाक यांनी मुलांचे न्यायालय नेमले होते. न्यायाधीश मुलेच. पण त्याची संहिता कोरचाकांनी लिहिली, आणि तिची पहिली नव्याण्णव कलमे या ना त्या कारणाने माफ करणारी होती. दोष ठरवणारी कलमे त्यानंतर सुरू होत. त्या न्यायालयापुढे मोठ्यांवरही फिर्याद लागे, आणि कोरचाक स्वतः एकाहून अधिक वेळा आरोपी म्हणून उभे राहिले. मोठ्या माणसाने येथे अंग काढून घेतलेले नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. त्याने कायदा दिला आणि मग स्वतः त्याच कायद्याखाली आला. यातले पहिले आपण हौसेने करतो. दुसऱ्याची वेळ आली की शिस्त बिघडते.

हे सर्व शाळांपुरते आहे असे समजून आपल्याला सुटता येईल असे वाटत नाही. मंडळाच्या ग्रंथालयात बालविभागाचे कपाट आहे. त्यातली पुस्तके साठी उलटलेले आपण सदस्य निवडतो, चांगली निवडतो, आणि ती वर्षानुवर्षे कोरी राहतात. नातवंडे येत नाहीत म्हणून आपण हळहळतो. कोसबाडच्या बायांनी अशा न येण्याचा अर्थ वेगळा लावला होता. येत्या वर्षीची बालविभागाची रक्कम, ती कितीही लहान असो, दहा ते पंधरा वयाच्या चार-पाच मुलांच्या हाती द्यावी, खरेदी त्यांनी करावी, हिशेब त्यांनी वार्षिक सभेत मांडावा, अशी सूचना मी कार्यकारिणीकडे लेखी दिली आहे. त्यावर तोंडी आलेला पहिलाच प्रश्न रास्त होता: मुलांनी मराठीऐवजी गुजराती किंवा इंग्रजी पुस्तके आणली तर? आणतील, निदान पहिल्या वर्षी काही तरी नक्कीच आणतील. ती कपाटात ठेवायची की परत करायची, हे सभेपूर्वी ठरले पाहिजे. आणि परत करायची असतील, तर रक्कम मुलांच्या हाती देऊच नये.