प्रार्थनेसाठी केलेली लबाडी

हेतू चांगला असला म्हणजे लपूनछपून केलेले कृत्य चांगले ठरते काय? हा प्रश्न आमच्या हळ्ळीखेड (बी) येथील रविवारच्या शाळेतील एका मुलाने माझ्यापुढे ठेवला.

त्याच्या घरी रात्री आठला कौटुंबिक प्रार्थना होत असे. पुढे ती वेळ टीव्हीने घेतली. आजीला मराठी मालिका, आईला कानडी, वडिलांना क्रिकेट. प्रार्थनेला कोणीच नाही. मुलाला इलेक्ट्रॉनिक्सचा नाद. त्याने ५५५ क्रमांकाची चिप, नऊ व्होल्टची बॅटरी आणि अवरक्त किरणांचा एलईडी जोडून यंत्र केले व टीव्हीसमोरच्या कपाटात लपविले. रिमोटचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. तो सेकंदाला साधारण ३८,००० वेळा लुकलुकतो आणि मध्ये लहानमोठे विराम घेतो. त्यांवरून टीव्हीला हुकूम कळतो. मुलाचे यंत्र त्याच गतीने अखंड लुकलुके. विराम बुजून जात. कोणी बोलत असता शेजारी ताशा बडवावा, तसेच हे.

आठला रिमोट चालेना. सेल बदलून झाले, चरफडून झाले. मग मंडळी प्रार्थनेस बसली. मुलाने मला हे सांगितले तेव्हा मी हसलो व त्याची पाठ थोपटली. ही माझी चूक.

पुढच्या रविवारी तो खाली मान घालून आला. रिमोट धाकट्या बहिणीने पाडून बिघडविला असे समजून वडिलांनी तिला मारले होते. तो शेजारीच उभा होता, बोलला नाही. त्यानंतर सर्वांनी गुडघे टेकले, ती मुलगीही हुंदके देत होती.

कोणी म्हणेल, आईबापही टीव्ही बंद करतातच. खरे आहे. पण कोणी बंद केला आणि का, हे तेथे सर्वांना ठाऊक असते. रागावता येते, विचारता येते. लपविलेल्या कृत्याचा दोष मात्र कोणा निरपराध्याच्या माथी जातो. एदेन बागेत देवाने आज्ञा उघडपणे दिली. आदामाचा हात बळाने धरला नाही. नाथान दावीदाकडे गेला व त्याचे पाप त्याच्या तोंडावर बोलला. बंधूचा अपराध त्याला एकांतात दाखवावा, असे प्रभू मत्तयाच्या १८ व्या अध्यायात शिकवितो. हा मार्ग कठीण, कारण समोरचा नाही म्हणू शकतो. पण ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या होकाराला काय किंमत?

मी प्रथम त्याची क्षमा मागितली. मग आम्ही दोघे त्याच्या घरी गेलो. त्याने यंत्र बापापुढे ठेवले. वडील बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी मुलीला जवळ ओढले.

दुसऱ्या दिवशी आठला टीव्ही लागला. स्वयंपाकघरात तो, बहीण व आजी अशी तिघेच प्रार्थनेस बसली. दोघातिघांच्या मेळ्याला प्रभूने दिलेले अभिवचन त्याच अध्यायात आहे. शिक्षकबंधुभगिनींनो, त्या तिघांसाठी प्रार्थना करा. आणि बाहेर टीव्हीपुढे बसलेल्यांसाठीही.