शंभरावरून थेट शून्यावर

अमेरिकेत माजी सैनिकाचे अपंगत्व टक्क्यांत ठरते. 'व्हेटरन्स अफेअर्स' या सरकारी खात्याच्या कोष्टकात प्रत्येक विकाराला शून्यापासून शंभरापर्यंत, दहाच्या पटीत टक्के दिलेले आहेत. कोष्टक वेदना मोजत नाही. त्या विकाराने कमावण्याची क्षमता सरासरी किती घटते, एवढेच पाहते. गुडघा किती अंशांत वाकतो हे मोजता येते, त्यामुळे गुडघ्याचा हिशेब सरळ असतो. घोळ होतो तो संसर्गजन्य रोगांपाशी.

हिवताप, ब्रुसेलोसिस, क्यू फीवर अशा रोगांना ऑगस्ट 2019 पासून एकच सूत्र लागू आहे. रोग सक्रिय असेपर्यंत शंभर टक्के. तो ओसरला की संसर्गाचे शून्य. यकृत किंवा प्लीहा कायमची बिघडली असेल, तर ती त्या अवयवाच्या कोष्टकात वेगळी मोजायची. हिवताप उलटला म्हणावा, तर रक्तात परजीवी तरी दिसले पाहिजेत किंवा तशीच खात्रीची दुसरी चाचणी हवी.

सूत्राच्या बाजूने बरेच बोलता येईल. बऱ्या झालेल्या तापासाठी जन्मभर पैसे का द्यावेत? शिवाय शून्य म्हणजे नकारही नव्हे. रोग सेवेमुळे जडला ही मान्यता टिकते, त्यावरचे उपचार मोफत मिळतात आणि प्रकृती बिघडल्यास वाढीव टक्क्यांची मागणी करता येते. आखाती युद्धाच्या प्रदेशात सेवा केलेल्यांसाठी तर नऊ संसर्ग सेवेमुळेच झाले असे 2010 पासून गृहीत धरले जाते. त्यांपैकी बहुतेकांना सेवेनंतर एका वर्षाची मुदत आहे. क्षय आणि काळा आजार यांना मुदतच नाही. म्हणजे रोग उशिरा डोके वर काढतो, हे व्यवस्थेला मान्य आहे. तो शरीरातून रेंगाळत जातो, हे मात्र तिच्या सूत्रात बसत नाही.

एकेकाळी बसत होते. फुप्फुसाचा क्षय निष्क्रिय झाल्यावरही पूर्वी दोन वर्षे शंभर टक्के, पुढची चार वर्षे पन्नास आणि त्यानंतरची पाच वर्षे तीस टक्के मिळत. ऑगस्ट 1968 नंतरच्या नव्या प्रकरणांना ही अकरा वर्षांची उतरंड बंद झाली. तोवर प्रभावी औषधे आली होती, तेव्हा निर्णय अगदीच निराधार नव्हता. पण औषधाने जंतू मेला, म्हणून खंगलेल्या माणसाची ताकद त्याच दिवशी परत येत नाही. तपासणीत कोणताच अवयव बिघडलेला दिसत नसेल, तर नुसता थकवा कुठल्या अवयवाच्या खात्यात मांडायचा?

मधले टप्पे आखताच येत नाहीत, ही सबबही टिकत नाही. याच कोष्टकात एचआयव्हीला शून्य, दहा, तीस, साठ आणि शंभर अशा पायऱ्या आहेत. तिथे पेशींची संख्या, वारंवार येणारी लक्षणे आणि चालू असलेली औषधे हे सगळे विचारात घेतले जाते.

म्हणून मागणी जन्मभराच्या पैशांची नसावी. रोग ओसरल्यावर काही ठरावीक काळ टक्के पायरीपायरीने उतरावेत आणि त्या काळात अशक्तपणा सिद्ध करण्याचे ओझे सैनिकावर नसावे. तो पूर्ण बरा झाला आहे, असे खात्याला म्हणायचे असेल, तर ते खात्याने सिद्ध करावे. यात खर्च वाढेल, हे खरे. पण आज तो खर्च नाहीसा झालेला नाही. आजारातून उठलेल्या माणसाच्या घरखर्चातून तो भागवला जातो.