हिरवळीखालचं गाव

डोळे मिटा. श्वास येऊ द्या, जाऊ द्या, घाई नाही. इंग्लंडच्या दक्षिणेला डॉर्सेटच्या टेकड्यांमध्ये एक हिरवंगार खोरं आहे. मनानं तिथं उतरा. समोर उंच दगडी चर्च, शेजारी भला मोठा वाडा, भोवती लांबवर गवतच गवत. ही मिल्टन ॲबी.

आधी चर्चकडे पाहा. वाड्याच्या अंगणात एवढं मोठं चर्च कसं? दहाव्या शतकात राजा ॲथेलस्टननं इथं धर्मपीठ स्थापलं, पुढं त्याचा मठ झाला. १५३९ साली, आठव्या हेन्रीच्या राजवटीत, तो बंद पडला आणि जमीन विकली गेली. इंग्लंडमधले कितीतरी वाडे अशाच मठांच्या जमिनीवर उभे आहेत.

आता नजर गवतावर आणा. इथं हवं तितकं थांबा.

या गवताच्या जागी मिडलटन नावाचं बाजाराचं गाव होतं. घरं, दुकानं, शाळा, गजबजलेला रस्ता. १७५२ साली जोसेफ डॅमर या धनाढ्यानं ही जहागीर विकत घेतली. आपल्या दारात गाव त्याला नको होतं. भाडेपट्टे संपत गेले तशी त्यानं घरं पाडली. एक वकील हटेना, त्याच्याशी वाद कोर्टात गेला. शाळेचीही ब्लँडफर्डला रवानगी झाली. मग लॅन्सलॉट ब्राउन या नामवंत उद्यानकारानं उतारांना आणि झाडांना असं रूप दिलं, की हे सगळं निसर्गानंच केलं असं वाटावं.

ते उतार खरंच सुंदर आहेत. डोळे निवतात. ते निवू द्या, आणि त्याच वेळी पायाखालचे उंबरे आठवा. यातलं एक सोडून दुसरं धरणं मला अर्धवट वाटतं.

चर्चच्या पूर्वेला टेकडीवरच्या छोट्या प्रार्थनाघराकडे १११ गवती पायऱ्या चढतात. त्यातली एक मनानं चढा, मागं वळून पाहा. गाव कुठंच दिसत नाही. तिथल्या लोकांना डॅमरनं १७८० च्या सुमारास पलीकडच्या दरीत वसवलं, वाड्यातून दिसणार नाही अशा बेतानं. गवती छपरांची सारखी घरं, एकेका घरात दोन कुटुंबं.

ते गाव, मिल्टन ॲबस, आजही नांदतं आहे. कधी त्या बाजूला गेलात, तर आधी तिथल्या रस्त्यानं चाला. हिरवळ नंतर पाहा.